उंटाला लावलेला हात

जन्या,

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले आणि मास्तरांनी मला तुझ्यावर दोन पानं लिहायला सांगितली आहेत. मास्तर म्हणजे आपले वाचनालयाचे मास्तर. त्यांनीच आपल्या दोघांना बुद्धिबळ शिकवलं, आपल्या जवळजवळ सगळ्या स्पर्धांत पंच म्हणून तेच बसले, आणि आता तुझ्या नावानं उरणात स्पर्धाही तेच भरवतायत. स्पर्धेची स्मरणिका निघणार आहे. "मिलिंद, तू त्याचा जिगरी दोस्त. हळवं काहीतरी लिही. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे," असं मला म्हणाले. मी हो म्हणालो. घरी येऊन कागद पुढ्यात घेतला आणि बसून राहिलो. हळवं काही येईना. आला तो राग. तुझा आला, स्वतःचा आला, मास्तरांचाही थोडा आला. तेव्हा आता तोच लिहितो. ज्याला रडायचं असेल त्यानं पान उलटून पुढचा लेख वाचावा.

पहिला राग तुझ्या मरण्याचा. खाडीत मुरूम टाकून जमीन करतायत तिथं तू कामाला होतास, आणि काम काय, तर रिव्हर्स येणाऱ्या डंपरच्या मागे उभं राहून शिट्टी मारायची आणि "आने दो, आने दो" करायचं. दिवसभर. धूळ खात. त्या दिवशी माणसं कमी होती म्हणून तुला एकट्याला दोन डंपरवर ठेवलं. तू एकाकडे बघत होतास आणि दुसरा मागून आला. ठेकेदाराचा मुकादम तुझ्या आयसमोर उभा राहून म्हणाला, "तो चुकीच्या जागी उभा होता." मी तिथेच होतो. त्याची कॉलर धरायला हात पुढे गेला होता, चौघांनी धरला म्हणून राहिला. पटावर चौसष्ट घरं एका नजरेत धरणारा माणूस चुकीच्या जागी उभा होता म्हणे! पाठीला डोळे लावून घ्यायला हवे होतेस तू, त्या मुकादमाच्या सोयीसाठी.

पण हा राग सगळ्यांचाच आहे. आपल्या मोरा गावातल्या प्रत्येक घरात तो आहे. माझा वेगळा आहे, तो फक्त माझा आहे, आणि त्याच्याकडे येईपर्यंत मला जरा मागे जावं लागेल.

आपण भेटलो मोऱ्याच्या धक्क्यावर. माझे वडील तहसील कचेरीत शिपाई, महाडकडचं गाव सोडून नुकते उरणात बदलून आलेले. त्यांना मुंबईला जायचं होतं म्हणून मी लाँचच्या वेळेला त्यांना सोडायला आलो होतो. धक्क्यावरच्या शेडमध्ये दोन म्हातारे देशी पद्धतीनं बुद्धिबळ खेळत बसले होते आणि त्यांच्या डोक्यावर वाकून एक काळासावळा तेरा वर्षांचा मुलगा दोघांनाही चाली सांगत होता. म्हातारे तुला शिव्या देत होते आणि तुझ्याच चाली खेळत होते. लाँच सुटली, वडील गेले, मी तिथेच राहिलो. तू विचारलंस, "खेलतोस काय?" मी खेळलो आणि नऊ चालींत हरलो. घरी जाताना मला तुझा इतका राग आला होता की दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पुन्हा आलो.

धक्क्यावरच्या खेळाचा एक नियम होता. सोंगटी उचला, हवेत फिरवा, चार घरांवर टेकवून बघा, जोवर बोट सुटत नाही तोवर चाल झाली नाही. म्हातारे तर हत्ती हातात घेऊन अख्खी विडी ओढायचे. तू त्याच नियमात वाढलेला. मास्तरांनी आपल्याला वाचनालयात नेलं तेव्हा पहिल्याच दिवशी सांगितलं, "स्पर्धेत हे चालायचं नाही. हात लावाल ती सोंगटी खेळायची. घरात वाकडी बसलीय म्हणून सरळ करायची असेल, तर आधी तोंडानं म्हणायचं, 'नीट करतो', आणि मगच हात लावायचा. आधी म्हणायचं. कळलं?" मला कळलं. तुझ्या हाताला कळायला वेळ लागला.

आणि तुझ्या हाताला तो नियम कुणी शिकवला, आठवतं? मीच. वाचनालयातल्या पहिल्या स्पर्धेत तू माझ्याविरुद्ध वजीर उचललास, पुन्हा ठेवलास आणि प्याद्याकडे हात नेलास. मी लगेच हात वर केला. "मास्तर, यानं वजिराला हात लावला!" अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात. मास्तर आले, त्यांनी विचारलं, तू मान हलवलीस. वजीर खेळावा लागला आणि वजीर गेला. मी केवढा खुश झालो होतो! तेव्हापासून तू खेळताना दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायला लागलास. चाल पूर्ण ठरली की एक हात बाहेर यायचा, सोंगटी ठेवायचा, घड्याळ दाबायचा आणि परत मांडीखाली जायचा. पनवेलची पोरं तुला "बसलेली कोंबडी" म्हणायची. तू हसायचास. तुला राग का येत नव्हता रे कशाचाच? मला तर आज लिहितानाही त्या पोरांचा येतो.

तुझ्या घरी मी किती वेळा जेवलो असेन याची गणती नाही. मला काही घरांत कप वेगळा मिळायचा, हे तुला माहीत होतं. मी कधी बोललो नाही, तू कधी विचारलं नाहीस. तुझ्या आयनं मात्र पहिल्याच दिवशी एका ताटात दोघांचा भात वाढला आणि वर बोंबलाचं कालवण ओतलं. "दोगं बी हडकुळे हाव. ज्येवा." एवढंच म्हणाली. तुझे बाबा दाराशी जाळं दुरुस्त करत बसलेले असायचे, तूही सुई घेऊन त्यांच्या शेजारी. मी मास्तरांचं इंग्रजी पुस्तक मांडीवर घेऊन चाली मोठ्यानं वाचायचो. तुला इंग्रजी येत नव्हतं आणि पट तर समोर नव्हताच. तू जाळ्याचे डोळे घालता घालता मध्येच म्हणायचास, "थांब. हितं त्यानी चुकी केली. घोडा मागं घ्याला पायजे व्हता." मी पुढचं पान उलटायचो. तिथे पुस्तक लिहिणाऱ्यानं तेच लिहिलेलं असायचं. माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी पट मांडून, सोंगट्या हलवून, रात्रंदिवस घोकून जे मिळवत होतो, ते तू माशाचं जाळं शिवताना उचलत होतास.

तू माझ्यापेक्षा चांगला होतास. हे कागदावर लिहायला मला इतकी वर्षं लागली. घे, लिहिलं.

आता त्या डावाकडे येतो. जिल्ह्याची निवड स्पर्धा, पनवेलच्या शाळेचा हॉल. आपण दोघं एकोणीस वर्षांचे, ज्युनिअर म्हणून खेळण्याचं शेवटचं वर्ष. पहिला येईल तो एकटा राज्य स्पर्धेला जाणार. राज्याला काय होईल याची आपल्याला फिकीर नव्हती, खरं होतं ते सर्टिफिकेट. राज्य पातळीवर खेळल्याचं सर्टिफिकेट असलं की सरकारी भरतीत खेळाडूंच्या जागेवर नंबर लागतो, हे तोवर आपल्याला चांगलं ठाऊक झालं होतं. माझे वडील निवृत्तीला आले होते. तुमच्या घरी त्याहून वाईट होतं. खाडी बुजत चालली होती, मासळी लांब गेली होती, आणि तुझ्या बाबांना मोतीबिंदू. पनवेलला जाताना एस्टीत, गव्हाण फाट्यापाशी, तू म्हणालास, "मिल्या, आपल्यामंदला कोन बी जावंदे. पन तिसरा नाय." मी म्हणालो, "अर्थात." त्या वेळी माझ्या मनातही तेच होतं. शपथेवर सांगतो.

शेवटच्या फेरीत आपणच समोरासमोर आलो. तू अर्ध्या गुणानं पुढे. तुला बरोबरी पुरत होती, मला जिंकणं भाग होतं. मी पांढरा, तू काळा. बाकीचे डाव एकेक करून संपत होते, मास्तर टेबलांमधून फिरत होते. पंचविसाव्या चालीला मला तुझं एक प्यादं फुकट दिसलं. माझा उंट ते मारू शकत होता. मी उंट उचलला.

बोटभर उचलला असेल. पटापासून एक बोट. आणि उचलल्यावर मला दिसलं की उंट तिथून हलला, कुठेही हलला, की तुझा घोडा आत येतो. राजाला शह आणि त्याच वेळी हत्तीवर मारा. खेळ खल्लास. तू जिंकला असतास, पहिला आला असतास, राज्याला गेला असतास.

मी उंट परत ठेवला. घराच्या अगदी मधोमध. आणि मग म्हणालो, "नीट करतो."

मग म्हणालो, जन्या. आधी नाही.

मास्तर तेव्हा खिडकीजवळच्या टेबलाशी दोन पोरांचं भांडण सोडवत होते. आपल्या टेबलाशी तिसरं कुणी नव्हतं. मी हत्ती एक घर सरकवला, घड्याळ दाबलं आणि चाल लिहायला मान खाली घातली. आता हा हात वर करेल, आता "मास्तर" म्हणेल, असं वाटत होतं. तू काहीच केलं नाहीस. तुझं घड्याळ टकटक करत राहिलं. तुझी पुढची चाल उघड होती, प्यादं एक घर पुढे. शाळेतल्या पोरानंही दोन मिनिटांत खेळली असती. तू हात मांडीखाली घेऊन बसलास. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी एकदा वर पाहिलं. तू पटाकडे बघतच नव्हतास. माझ्याकडे बघत होतास. मी परत मान खाली घातली आणि चालींच्या कागदावर आधीच लिहिलेली चाल पुन्हा गिरवली.

चोवीस मिनिटं! चोवीस मिनिटांनी तू ते प्यादं पुढे सरकवलंस. वेळेच्या आत चाळीस चाली पुऱ्या करायच्या होत्या, आणि उरलेल्या पंधरा चालींना तुझ्याकडे नऊ मिनिटं उरली. तरी तू लढलास, डाव बरोबरीत धरलास, आणि एकोणचाळीस चाली झाल्यावर तुझ्या घड्याळाचा लाल झेंडा पडला, वेळ संपली, डाव गेला. एक चाल. एकच चाल कमी पडली. मास्तर धावत आले, घड्याळ थांबवलं आणि तुझ्यावरच ओरडले, "गाढवा, एका साध्या चालीला अर्धा तास? झोपला होतास काय?" तू म्हणालास, "चुकी माजीच हाय." मग हात मांडीखालून काढून माझ्यासमोर धरलास. मी तो हातात घेतला. तुझा हात गरम होता. एवढा वेळ त्याच्यावर बसला होतास ना.

जिल्ह्यात पहिला आल्याच्या माझ्या सर्टिफिकेटवर जिल्ह्याचं जुनं नाव, कुलाबा, छापलेलं होतं. त्यावर रेघ मारून वर रायगडचा शिक्का मारला होता. परतीच्या एस्टीत तू ते हातात घेऊन वाचलंस आणि म्हणालास, "नाव बदलला तरी चालतंय वाटतं." आणि हसलास. मी खिडकीबाहेर बघत होतो. खिडकीची जागा तूच मला दिली होतीस.

राज्याला मी कितवा आलो हे सांगण्यासारखं नाही. पण राज्याला खेळल्याचं सर्टिफिकेट चाललं. दोन वर्षांनी बेलापूरला सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. पहिल्या दिवशी मला स्टँडवर सोडायला तू आलास, माझी पिशवी तू उचललीस. मी गाडीत बसलो तेव्हा तू खाली उभा होतास. "साहेब झालास," म्हणालास. मी साहेब बिहेब काही नव्हतो, पण पंख्याखाली बसत होतो. तू आधी लाँचवर दोऱ्या फेकल्यास, मग मिठागरावर गेलास, मग भरावावर शिट्टी घेऊन उभा राहिलास. मी दर रविवारी यायचो, आपण धक्क्यावर खेळायचो, बहुतेक वेळा तू जिंकायचास. त्या डावाचा विषय तू कधी काढला नाहीस, आणि मीही नाही. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे आपण सहा वर्षं एकमेकांसमोर बसलो.

तुला सांगतो, त्या सहा वर्षांत मी तुझ्याबद्दल काय काय विचार केले. कधी वाटायचं, तू पाहिलंच नाहीस. तसं असेल तर मी सुटलो. कधी वाटायचं, पाहिलंस आणि दया केलीस, शिपायाचा पोरगा म्हणून सोडून दिलंस. हे वाटलं की मला तुझा तिरस्कार यायचा. हो, तिरस्कार. कोण तू माझ्यावर दया करणारा? उपकार करून गप्प बसणारी माणसं मला कधीच आवडली नाहीत. कधी वाटायचं, तू मला लटकवून ठेवलंयस, मुद्दाम, मी दर रविवारी येऊन तुझ्यासमोर बसावं म्हणून. एकदा तरी शिवी द्यायची होतीस. एकदा तरी मास्तरांना हाक मारायची होतीस. मी तेराव्या वर्षी तुझ्या वजिरासाठी खोली डोक्यावर घेतली होती, आणि तू एकोणिसाव्या वर्षी माझ्या उंटासाठी साधा हात वर केला नाहीस!

गेल्या महिन्यात मी तुझ्यासाठी अर्ज घेऊन आलो होतो. आमच्या कचेरीत भरती निघाली होती, खेळाडूंची एक जागा होती, आणि मी तो अर्ज तुझ्यासमोर असा ठेवला की जणू काही मोठा दानशूर. तू धूळ झटकून बसलास, वाचलास, आणि घडी घालून मला परत दिलास.

"मी खेलाडू कुटं, मिल्या? माजा सर्टिफिकेट कुटं हाय?"

"मास्तर देतील पत्र. मी बोलतो त्यांच्याशी."

"पत्रावर नाय चालत. तुला म्हाईत हाय." मग म्हणालास, "तुला मना काय बोलाचा हाय काय?"

"मला? काय बोलायचंय?"

"तसा नाय. काय बोलाचा आसंल तर बोल. मी काय कोनाला सांगत नाय."

मी म्हणालो, "छे रे, काही नाही." आणि वर चिडलोही. म्हणालो, तुझ्यासाठी इथवर यायचं, अर्ज आणायचा, आणि तू असले प्रश्न विचारतोस. तुला नोकरी नकोच आहे, तुला ते भरावावरचं धुळीचं आयुष्यच आवडतं, आळशी आहेस तू. असंच म्हणालो. तू ऐकून घेतलंस. शेवटच्या गाडीचं निमित्त सांगून उजेड होता तोवरच निघालो. तेच आपलं शेवटचं बोलणं.

तुझ्या बाराव्यानंतर मी आयकडे गेलो. बाबा आत निजले होते. ती दारात बसली होती, पुढ्यात सुपात सुकी मासळी, निवडत नव्हती, नुसती हात ठेवून बसली होती. मी बाजूला बसलो, आणि काय झालं कुणास ठाऊक, तोंडातून सगळं बाहेर पडलं. उंट, "नीट करतो", सगळं. तुला सांगायचं ते तिला सांगितलं. मला वाटलं तिला समजणार नाही. तिला बुद्धिबळातला हत्तीसुद्धा ओळखता येत नाही.

ती म्हणाली, "मना ठाव हाय."

"तुला कसं?"

"त्याच दिशी घरा आयला नि बोल्ला. मिल्यानी उंटाला हात लावला व्हता. मी इचारला, मंग पंचाला का नाय सांगलास? तर बोल्ला, आय, मना वाटला तो सोताच बोलंल. मी वाट बगत व्हतू."

जन्या, मी तिथून उठून धक्क्यापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. चोवीस मिनिटं तू विचार करत नव्हतास. तू वाट बघत होतास. मास्तर तुला गाढव म्हणाले, पोरं हसली, घड्याळ तुझं चालू होतं, तुझी नोकरी, तुझ्या बाबांचे डोळे, सगळं त्या घड्याळात जात होतं, आणि तू हातांवर बसून माझ्या तोंडाकडे बघत होतास, की हा आता बोलेल. पाच मिनिटांत बोलेल. दहा मिनिटांत बोलेल. माझा दोस्त आहे, बोलेल.

असा विश्वास ठेवायचा असतो का कुणावर? मूर्खा, तू समोरच्या माणसाची प्रत्येक चाल ओळखायचास, मला ओळखता आलं नाही तुला? मला इतका राग येतोय तुझा की तू समोर असतास तर पट उधळून दिला असता. मी आयला म्हणालो, "मग तू तरी का नाही बोललीस? सहा वर्षं मला वाढत राहिलीस."

"तुमचा खेल," ती म्हणाली. "तुमी बगाचा." मग मला हुंदका फुटला तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. म्हणाली, "आता नको ररू. बोलाचा तवा बोललास नाय."

मी तिथून सरळ मास्तरांकडे गेलो. सगळं सांगितलं आणि म्हणालो, वाचनालयाच्या भिंतीवर जिल्हा विजेत्यांची पाटी आहे, त्यातलं माझं नाव काढा, त्याचं लिहा. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "नियम असा आहे मिलिंद, की समोरच्यानं तेव्हाच तक्रार केली नाही तर डाव लागू. निकाल बदलत नाही." मी म्हणालो, नियम मला ठाऊक आहे, पण स्मरणिकेत मी हेच लिहिणार. तेव्हा ते म्हणाले, "मेलेल्याला जिंकवून काय मिळणार? तुझ्या ऑफिसात कुणी हे कात्रण पाठवलं, तर नोकरीवर येईल. बायको आहे, पोर आहे. तू आपलं हळवं काहीतरी लिही." मास्तर वाईट नाहीत, तुला ठाऊक आहे. पण मला तेव्हा त्यांचाही राग आला, कारण ते म्हणत होते तेच मी गेली सहा वर्षं स्वतःला सांगत होतो, शब्दन् शब्द.

हा लेख मी त्यांना उद्या देणार आहे. दुसरा देणार नाही. नाही छापला तर रविवारी तुझ्या नावाची स्पर्धा सुरू होताना, घड्याळं दाबायच्या आधी, उभा राहून वाचेन. पोरं ऐकतील. त्यांच्यातलं कुणीतरी कधीतरी चुकून एखादी सोंगटी उचलेलच. माझ्या कचेरीतल्यांना कळलं तर कळू दे. नोकरी जायची असेल तर जाऊ दे. खरं सांगायचं तर ती जाणार नाही, असल्या गोष्टींनी सरकारी नोकऱ्या जात नाहीत. मला शिक्षा करणारं कुणी उरलेलंच नाही, हाच तर माझा सगळा संताप आहे. तेवढा एक हक्क तुझा होता, आणि तो तू वापरला नाहीस, आणि आता तू नाहीस.

वाक्य केवढंसं होतं रे. मी काल आरशासमोर म्हणून पाहिलं. श्वाससुद्धा मध्ये घ्यावा लागत नाही.

"मास्तर, मी उंटाला हात लावलाय. उंटच खेळतो."